प्रार्थनेचा डोस किती?

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. फेब्रुवारीत माझ्या सासूबाईंची पुण्यात बायपास झाली. वय ७१, त्यात साखर. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून इकडे बार्शीला आमच्या गल्लीतल्या बायकांनी आळीपाळीने महामृत्युंजयाचा जप केला. जाऊबाईंनी सोळा सोमवार धरले. शेजारच्या चाचींनी दुवा मागितली. सासूबाई नवव्या दिवशी घरी आल्या. माझ्या नणंदेने सगळ्यांना मेसेज पाठवला की, प्रार्थनेने हृदयरोगी लवकर बरे होतात हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो जेवता जेवता म्हणाला, "आत्या, हार्वर्डने तपासलंय. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांचेच हाल जास्त झाले." नणंद ताटावरून उठली. तेव्हापासून आत्या-भाच्यात अबोला आहे. खरं कोण सांगतंय? आणि असलं काही तपासता तरी येतं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. साखर असून जखम चिघळली नाही, हे फार बरं झालं.

ताटावरून उठायचं काही कारण नव्हतं. नणंदबाईंनी सांगितलं ते छापून आलंय आणि तुमच्या मुलाने सांगितलं तेही छापून आलंय. मी एकतीस वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. डॉक्टरांच्या प्रबंधातले आकडे तपासून देणं हेच माझं काम, त्यामुळे हे दोन्ही कागद माझ्या कपाटात आहेत. निवृत्तीनंतर कपाट घरी आलं, एवढंच.

नणंदबाईंचा प्रयोग १९८८ सालचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात रँडॉल्फ बर्ड या हृदयरोगतज्ज्ञाने हृदयविकार कक्षातल्या ३९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. १९२ जणांसाठी बाहेरची श्रद्धाळू ख्रिस्ती माणसं रोज प्रार्थना करत, उरलेल्या २०१ जणांसाठी ती करत नसत. आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. शेवटी हिशेब मांडला तेव्हा प्रार्थनेच्या गटात सहा गोष्टी कमी निघाल्या : न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, हृदय बंद पडणं, अँटिबायोटिक लागणं, लघवीवाटे पाणी काढायचं औषध लागणं आणि श्वासनळीत नळी घालावी लागणं. मेसेजमध्ये हे एवढंच असतं.

मेसेजमध्ये नसतं ते असं की, बर्डने दोन डझनांहून जास्त गोष्टी मोजल्या होत्या. मृत्यूंत फरक नव्हता. रुग्णालयात किती दिवस राहावं लागलं, त्यातही नव्हता.

मी वर्गात दरवर्षी एक खेळ घ्यायचे. साठ मुलं, प्रत्येकाने रुपया पाच वेळा उडवायचा. पाचही वेळा छापा पडला तो उभा राहील. सरासरीने दोन मुलं उभी राहतातच, कधी एक, कधी तीन. त्यांना मी खुर्चीवर बसवून 'नाणेबुवा' म्हणायचे आणि बाकीच्यांना सांगायचे, जा, पाया पडा, बुवांच्या हाताला गुण आहे. पोरं हसायची. मग पुन्हा उडवायला सांगितलं की बुवांचा हात रिकामा. पंचवीसेक गोष्टी मोजल्या की त्यातली एखाददुसरी नाणेबुवासारखी उभी राहणारच. शिवाय बर्डच्या सहाही गोष्टी सुट्या नाहीत. न्यूमोनिया झाला की अँटिबायोटिक आलंच. हार्ट फेल्युअर झालं की पाणी काढायचं औषध आलंच. एकाच बातमीचे दोन-दोन मथळे.

मग पुन्हा रुपया उडवायचा प्रयत्न झाला. १९९९ साली कॅन्सस सिटीत ९९० रुग्ण घेतले. तिथल्या डॉक्टरांनी आजाराला गुण द्यायची नवीच पद्धत काढली. त्या पद्धतीने प्रार्थनेचा गट अकरा टक्क्यांनी बरा निघाला, पण बर्डच्या जुन्या पद्धतीने तेच रुग्ण मोजले तर फरक गायब. असा प्रबंध घेऊन माझा एखादा विद्यार्थी आला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. त्या ९९० जणांना आपल्यावर प्रयोग चाललाय हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. प्रार्थनाच तर आहे, परवानगी कशाला? मला हे आकड्यांपेक्षा जास्त खटकलं.

आता तुमच्या मुलाचा प्रयोग. तो २००६ सालचा. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन त्याचे प्रमुख, आणि हे काही देवाधर्मावर खार खाऊन बसलेले गृहस्थ नव्हेत. ध्यानाने, जपाने शरीर कसं शांतावतं यावर त्यांनी उभा जन्म काम केलेलं. पैसा टेम्पलटन फाउंडेशनचा, चोवीस लाख डॉलर. श्रद्धा आणि विज्ञान यांची गाठ पडावी अशी इच्छा असलेलीच ही संस्था. म्हणजे प्रार्थनेचा गुण यावा असं वाटणाऱ्यांनीच हा प्रयोग केला. सहा रुग्णालयं, १८०२ रुग्ण, सगळे तुमच्या सासूबाईंसारखे बायपासचे.

गट तीन पाडले. पहिल्या दोघांना सांगितलं, "तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही." त्यातल्या एका गटासाठी झाली, एकासाठी नाही. तिसऱ्या गटाला स्पष्ट सांगितलं, "तुमच्यासाठी प्रार्थना होणार", आणि झाली. तीन ख्रिस्ती प्रार्थनागटांकडे रोज यादी जायची. यादीत रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर, बस. चौदा दिवस प्रार्थना. शब्द ज्याचे त्याने निवडावेत, पण ऑपरेशन यशस्वी व्हावं, गुंतागुंत न होता लवकर बरं वाटावं, एवढं वाक्य त्यात यायलाच हवं.

नकळत प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली. प्रार्थना न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. यात काही नाही. प्रार्थना होणार हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यात मात्र ५९ टक्क्यांना झाली. तुमच्या मुलाने उचलला तो हा आकडा.

त्याला माझ्यातर्फे दोन गोष्टी सांगा. एक, यातली बरीचशी गुंतागुंत म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होणं. बायपासनंतर ते पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं सावरतं. मृत्यूंमध्ये तिन्ही गटांत फरक नव्हता. दोन, ५९ चा गट आणि ५२ चा गट, दोघांसाठीही प्रार्थना झाली होती. फरक होता तो माहीत असण्याचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणी येऊन म्हणालं, "तुमच्यासाठी अनोळखी माणसं देवाला साकडं घालणार आहेत हं," तर माझ्या पोटात गोळा येईल. एवढं का वाईट आहे माझं? तशी धास्ती असेल, किंवा निव्वळ योगायोग असेल. पण "प्रार्थनेने हाल होतात" हे त्या आकड्यातून निघत नाही. आत्याचे सहा नाणेबुवा नाकारायचे आणि आपला एक पुजायचा, हे इंजिनिअरला शोभत नाही.

मी वर 'चिठ्ठ्या' म्हटलं, त्यावरून आठवलं. फार वर्षांपूर्वी एका रुग्णालयात (नाव नको) दोन औषधांची तुलना चालली होती. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध, ते बंद पाकिटात. पाकिटं मी स्वतः भरली, डिंकाने चिकटवली, वर सही केली. तीन महिन्यांनी बघते तर नव्या औषधाच्या गटात सगळे धडधाकट रुग्ण. संशय आला म्हणून एक दिवस न सांगता गेले. तिथला तरुण डॉक्टर खुर्चीवर उभा राहून पाकीट ट्यूबलाइटला धरून बघत होता. आत काय ते दिसलं की त्याला योग्य वाटेल तो रुग्ण निवडायचा. वाईट हेतू नव्हता हो. अशक्त म्हाताऱ्याला नवं औषध द्यायला त्याला भीती वाटायची. पुढच्या वेळी मी पाकिटांत काळा कार्बन पेपर घातला.

ट्यूबलाइटपासून पाकीट लपवता येतं. देवापासून कसं लपवणार?

हा विनोद नाही, प्रयोगाचं दुखणं नेमकं इथेच आहे. औषधाच्या प्रयोगात दुसऱ्या गटाला औषध मिळत नाही याची खात्री असते, गोळी कपाटात कुलूपबंद असते. बेन्सनच्या दुसऱ्या गटातल्या ५९७ माणसांना आया नव्हत्या? बायका नव्हत्या? कुणाची बहीण चर्चमध्ये मेणबत्ती लावत असेल, कुणी रुग्ण स्वतःच भूल चढता चढता देवाचं नाव घेत असेल. बहुतेकांना घरचे आपल्यासाठी प्रार्थना करणार याची खात्रीच होती आणि प्रयोगवाल्यांनीही कुणाला थांबवलं नाही. थांबवणार तरी कसं? म्हणजे तपासलं गेलं ते इतकंच की, घरच्यांच्या प्रार्थनेवर अनोळखी माणसाच्या प्रार्थनेची भर घातली तर आणखी गुण येतो का. मुसळधार पाऊस चालू असताना एका तुळशीला तांब्याभर पाणी जास्त घालायचं आणि कुठली तुळस जास्त वाढते ते फूटपट्टीने बघायचं.

आणि डोस काय? तुमच्या गल्लीतल्या बायकांनी रात्रभर जप केला, चाचींनी पाच मिनिटं हात पसरले. कुणाचा डोस मोठा? जप करता करता एकीला डुलकी लागली असेल तर तिचा धरायचा का वजा करायचा? देव असलाच, तर त्याने आमच्या चिठ्ठ्यांचा मान राखून त्या ५९७ जणांकडे चौदा दिवस पाठ फिरवायची, हे या प्रयोगात गृहीतच धरलेलं आहे. असा देव तुमच्या नणंदेला तरी चालेल का, विचारा.

हा खटाटोप नवा नाही. १८७१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजाला टायफॉइड झाला, गावोगावच्या चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, तो वाचला आणि फेब्रुवारीत लंडनला थाटामाटात आभाराचा सोहळा झाला. डॉक्टर मंडळी चिडली, साहजिकच. त्यांच्यापैकी एकाने सुचवलं की, एका वॉर्डसाठी सगळ्या देशाने काही वर्षं प्रार्थना करावी आणि तिथले मृत्यू इतर वॉर्डांशी ताडून पाहावेत. ते कुणी केलं नाही. पण १८७२ सालीच फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने वेगळी युक्ती काढली. राजाला दीर्घायुष्य लाभो, अशी प्रार्थना तर प्रत्येक चर्चमध्ये रोजच चालते, मग राजे जास्त जगतात का? त्याच्या तक्त्यात राजघराण्यातल्या ९७ जणांचं सरासरी आयुष्य निघालं ६४ वर्षं, वकिलांचं ६८, खेड्यापाड्यातल्या जमीनदार मंडळींचं ७०. राजे सगळ्यांत तळाला. त्याने विमा कंपन्यांचंही उदाहरण दिलं. मिशनरी घेऊन जाणाऱ्या जहाजाचा विमा काही स्वस्त पडत नाही. गॉल्टनच्या तक्त्यात भोकं आहेत, राजाचं जगणं आणि वकिलाचं जगणं सारखं नसतं, पण विमेवाल्यांचा मुद्दा मला अजून आवडतो. पैसा लावताना माणूस खरं बोलतो.

आपल्याकडेही युवराज आहेत. १९८२ साली चित्रीकरणात अमिताभ बच्चनच्या पोटाला मार लागला, तेव्हा मुंबईत लोकांनी उपास धरले, नवस बोलले. तो वाचला. २०२२ च्या जानेवारीत लताबाई रुग्णालयात होत्या. त्यांच्यासाठी कुणाच्या घरी हात जोडले गेले नसतील? ६ फेब्रुवारीला त्या गेल्या. अमिताभची गोष्ट आजही सांगितली जाते. लताबाईंसाठी केलेल्या प्रार्थनांची कुणी सांगत नाही. नवसाचंही तसंच असतं. नवस फेडायला येणारी माणसं देवळात दिसतात, त्यांची घंटा, त्यांचा पाळणा वर टांगलेला दिसतो. नवस बोलूनही ज्यांचं माणूस गेलं, ती फेडायला येत नाहीत. त्यांच्या घंटा कुठे टांगलेल्या नसतात. तुमच्या गल्लीतही गेल्या दहा वर्षांत कुणासाठी जप झाला आणि तरी ते माणूस गेलं, असं झालं असेल. मेसेज पाठवताना ते कुणाला आठवत नाही.

सगळ्यांत मजेदार प्रयोग लिओनार्ड लायबोविची या इस्रायली डॉक्टरचा. २००० साली त्याने रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३३९३ रुग्णांची यादी घेतली, दोन गट पाडले आणि एका गटासाठी प्रार्थना करवली. त्या गटाचा ताप लवकर उतरला होता, तो लवकर घरीही गेला होता. फक्त हे रुग्ण १९९० ते १९९६ या काळातले होते. घरी जाऊन (किंवा देवाघरी जाऊन) चार-दहा वर्षं झाल्यावर प्रार्थना केली आणि ती मागे जाऊन लागू पडली! ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात हे छापलं. त्या अंकात अशी थट्टा चालते. त्याला म्हणायचं होतं की, पटण्यासारखी काही वाटच दिसत नसेल तर नुसत्या आकड्याने हुरळून जाऊ नका. काहींनी ते मनावर घेतलं. इतकं, की प्रयोगांचे ताळेबंद मांडणाऱ्या कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने २००९ मध्ये प्रार्थनेच्या दहा प्रयोगांतले ७६४६ रुग्ण एकत्र केले, त्यात हे ३३९३ धरलेले होते. निम्म्याला थोडे कमी. तरीही एकूण निष्कर्ष असा की, ठोस परिणाम दिसत नाही आणि यापुढे असे प्रयोग करण्यात पैसा घालवू नये.

मलाही तेच वाटतं, पण "हे विज्ञानाच्या पलीकडचं आहे" म्हणून नव्हे. तसं म्हणणं म्हणजे पळवाट. दावा आकड्याचा असेल तर तो आकड्याने तपासता येतोच. डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात ज्योतिषाची परीक्षा घेतली, ती आठवा. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या. कुठली पत्रिका कुणाची ते सांगा, एवढाच प्रश्न. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. रुपया उडवला असता तर पन्नास मिळाले असते. तिथे दावा स्वच्छ होता : पत्रिकेवरून बुद्धी कळते. प्रार्थनेबद्दलही कुणी असा स्वच्छ दावा केला, की अनोळखी माणसाने नाव घेतलं की दुखणं कमी होतं, तर त्याचा निकाल लागलाय. कमी होत नाही. नणंदबाईंना हे सांगावं लागेल. जरा बेताने सांगा.

तुमच्या गल्लीतल्या बायका दावा करत होत्या का, ते मात्र मला माहीत नाही.

माझं मी सांगते. मी देव मानत नाही. माझे यजमान अतिदक्षता विभागात होते तेव्हा रात्री दोनच्या सुमाराला मी बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी एक आजी, नऊवारी, हातात तुळशीची माळ, पायाशी कापडी पिशवीत भाकरी. तिचा मुलगा आत. तिने विचारलं, "तुमच्या पेशंटचं नाव काय वो?" मी सांगितलं. तिने माळ सुरू केली. मध्येच थांबून विचारलं, गाव कंचं? लेकरं किती? जेवत काय होते? जेवणाचं ऐकून म्हणाली, "वांगं आवडतंय व्हय, मग आमच्यातलंच माणूस," आणि पुन्हा माळ. बेन्सनच्या यादीत होतं नाव आणि आद्याक्षर. हिला वांगं पाहिजे होतं. थोड्या वेळाने मी तिला तिच्या मुलाचं नाव विचारलं आणि ते मनातल्या मनात म्हणत बसले. किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही, आणि मी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजते.

तिचा मुलगा पहाटे गेला. माझे यजमान सोळाव्या दिवशी घरी आले. दोन रुग्ण, दोन प्रार्थना. यातून काहीही सिद्ध होत नाही, हे मी फळ्यावर दाखवू शकते. जाताना ती पिशवीतली भाकरी माझ्या हातात देऊन गेली.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला चालक. रोज पहाटे १०८ मण्यांची माळ ओढतो. वर्षभरात बीपी खाली आलंय. गोळी सोडू का?
— कराड

उत्तर : नाही. आधी हे उत्तर, मग बाकीचं.

वर ज्याबद्दल लिहिलं ती दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना. स्वतः जप केल्याने स्वतःच्या शरीरात काय होतं, ही वेगळी गोष्ट आणि ती नीट मोजता येते. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना एकदा ख्रिस्ती जपमाळ लॅटिनमधून म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे हुम्'. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण बारा ते वीस वेळा घेतो. त्या संथ लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा मेळ जास्त चांगला बसतो. लॅटिन की संस्कृत, याने फरक पडला नाही. एका श्वासाला एक मणी धरला तर तुमच्या १०८ मण्यांना अठरा मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांत माळ संपत असेल तर तुम्ही अजून एसटीच चालवताय.

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी विषमज्वर झाला तेव्हा आई उशाशी बसून स्तोत्र म्हणायची. सुरुवातीला घाईत, रडवेली, शब्द एकमेकांवर चढलेले. चौथ्या-पाचव्या श्लोकाला आवाज खाली यायचा. ताप उतरला तो गोळ्यांनी. आईचा हात थरथरायचा थांबला तो श्लोकांनी, आणि थरथर थांबली की ती कपाळावरची पट्टी नीट ठेवायची.

बीपी घटलंय ते जपाने, गोळीने, की एसटी सुटल्यामुळे, हे तुमच्या एकट्याच्या आकड्यावरून मला सांगता येणार नाही. वही करा, रोज एकाच वेळी मोजून लिहा आणि ती डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची ती त्यांनी.

प्रश्न : वडिलांना दोन ब्लॉकेज आहेत. डॉक्टर लवकर ऑपरेशन करा म्हणतात. ओळखीतले एक महाराज २१ हजारांत अनुष्ठान करून देतात, "ऑपरेशन लागणारच नाही, शंभर टक्के" म्हणतात. आईचा हट्ट आहे की आधी ते करू. काय करावं?
— लातूर

उत्तर : ऑपरेशनची तारीख घ्या. आजच. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर तेही याच आठवड्यात घ्या. आईला देवापुढे बसायचं असेल तर बसू द्या, त्यासाठी एकवीस हजार लागत नाहीत.

महाराजांचं म्हणणं ही प्रार्थना नव्हे. "शंभर टक्के" हा आकडा आहे आणि त्याला किंमत लावलेली आहे. जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ सालचा केंद्राचा कायदा आहे. त्यात मंत्र, ताईत, कवच यांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि ज्या आजारांसाठी अशी जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत हृदयरोग आहे. त्यांनी कुठे पत्रक छापलं असेल तर जपून ठेवा.

आईशी वाद घालू नका, तिला घेऊन महाराजांकडे जा. गोड बोलून विचारा : मागच्या वर्षात किती जणांचं अनुष्ठान केलंत? त्यातल्या कितींचं ऑपरेशन टळलं, कितींना करावंच लागलं, किती वारले? नावं-गाव-तारखांसकट वही असेल, ती दाखवा. वारलेल्यांचीही नावं हवीत, हे दोनदा सांगा.

वही मिळाली तर मला पाठवा. मी मोजून देईन, फुकट.